आधी गळती, मग गादी: कोकणात जुना कॅराव्हॅन ट्रेलर कमी पैशात उभा करताना

देवगडकडच्या आमच्या कलमांच्या बागेत एक जुना कॅराव्हॅन ट्रेलर उभा आहे, गाडीमागे जोडून ओढायचा असतो ना तो, आत दोन बाक, छोटा ओटा, खिडक्यांचे कोपरे गोल. एका बांधकामाच्या साइटवर रखवालदाराची खोली म्हणून तो कित्येक वर्षं पडून होता, काम संपलं तसा भंगारात निघाला आणि मी उचलला. आता आंब्याच्या सिझनला राखणीसाठी मी त्यातच झोपतो. येणारा प्रत्येक माणूस विचारतो की कसा केला, केवढ्याला पडला, आणि आता ओळखीतल्या दोघांना असेच ट्रेलर मिळालेत म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. या विषयावरचे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात, ती मंडळी कोरड्या हवेत मोठ्या गॅरेजमध्ये काम करतात. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस, वर बारा महिने खारं वारं, त्यामुळे कामाचा क्रम चुकला की पैसे अक्षरशः पाण्यात. माझे गेले. पहिल्या वर्षी मी उत्साहात आतून रंग दिला, नवीन सनमायका लावला, गाद्या शिवून घेतल्या आणि छपरावर दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाकाखाली हात घातला तर गादी पिळून पाणी निघेल अशी, आणि गणपतीपर्यंत सनमायका प्लायसकट फुगून वर आला. शेजारच्या वाडीतले होडीचं काम करणारे मेस्त्री बघायला आले, त्यांनी छपराकडे बोट केलं नि एवढंच म्हणाले, "झिला, आधी वयसून गळता ता बंद कर, खालचा मगे बघ." पुढचं सगळं काम मी याच क्रमाने केलं.

घेण्याआधी

ट्रेलर बघायला जाताना खिशात जाड स्क्रूड्रायव्हर नि टॉर्च एवढंच न्या. रंग, पडदे, आतली कपाटं बघण्यात वेळ घालवू नका, ते सगळं बदलता येतं. जुन्या ट्रेलरची रचना साधी असते, खाली लोखंडी चासी, तिच्यावर प्लायची जमीन, त्यावर बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. अमेरिकेत चाळीस ते साठच्या दशकात असे गोल पाठीचे ट्रेलर भरपूर निघाले, हॅमच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या, डब्यासारखे दिसतात म्हणून तिकडे त्यांचं नावच तसं पडलं. बाहेरचा पत्रा चकचकीत असला तरी आतलं लाकूड कुजून पीठ झालेलं असू शकतं आणि खरा खर्च तिथेच असतो.

फणस पिकलाय का बघायला आपण बोटाने वाजवतो तसं आतून भिंती वाजवत जा. चांगल्या लाकडावर टणक आवाज येतो, कुजलेल्यावर बद्द. मग चार जागा मुद्दाम तपासा: समोरच्या खिडकीच्या खालची पट्टी, मागचे दोन्ही खालचे कोपरे, दाराचा उंबरा आणि छपरावरच्या झरोक्याच्या कडा. माझ्या ट्रेलरमध्ये समोरच्या खिडकीखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो अंगठ्याच्या जोराने मुठीपर्यंत आत गेला, बाहेर काढला तेव्हा टोकाला काळपट ओला भुगा लागलेला, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा, आणि त्याला कुबट वास. ते दिसूनही मी घेतला कारण चासी बरी होती. लाकूड नवीन घालता येतं, सुतार प्रत्येक गावात आहे, पण चासी जिथे पुढच्या ओढदांड्याला जोडलेली असते तिथे गंजाने पापुद्रे सुटत असतील, हातोडीने ठोकल्यावर भोक पडत असेल, तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. वाळवीच्या मातीच्या नळ्या पण बघा, खास करून जमिनीच्या खालच्या बाजूने.

कागदांचं: आपल्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा वाहनच धरलाय, त्याची वेगळी नोंदणी असते. कागद नसलेला ट्रेलर गाडीला जोडून हायवेला आणायच्या भानगडीत पडू नका, क्रेनने उचलून ट्रकवर टाकून आणा. पुढे रस्त्यावर चालवायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी आरटीओत जाऊन नोंदणीबद्दल विचारून घ्या, आणि मूळ बांधणीत फेरफार करायचा असेल तर १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ लागू होतं, परवानगी लागते. माझा बागेतच उभा राहणार होता म्हणून ते सोपं गेलं. समुद्राला अगदी लागून जागा असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, पण बघा, भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन त्यात येते.

कामाचं कॅलेंडर

हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि कोकणात हेच सगळ्यात महत्त्वाचं. काम दसऱ्यानंतर सुरू करा. ऑक्टोबरच्या उन्हात ट्रेलर पूर्ण उघडा करून वाळवायचा, निदान तीन आठवडे, लाकडात ओल राहिली असताना वरून काही लावलं तर ती ओल आतच कोंडली जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चासी, सांगाडा, जमीन, छप्पर. शिमग्याला माणसं मिळणार नाहीत हे धरूनच चाला, सगळे पालखीत असतात. मग आंब्याचा सिझन, एप्रिल-मेमध्ये ना सुतार मिळतो ना टेम्पो, तेव्हा ट्रेलर बाहेरून बंद होऊन तयार पाहिजे. आणि मग पावसाळाभर आतून काहीही न लावता तो आतून तसाच उघडा सांगाडा ठेवून पावसात उभा ठेवा. हो, पूर्ण चार महिने. दर आठवड्याला आत जाऊन टॉर्चने प्रत्येक कोपरा बघायचा, ओल दिसली की खडूने खूण करायची, तारीख लिहायची. पुढच्या दसऱ्याला आतलं काम. लोकांना हे फार लांबलचक वाटतं पण ज्याने फुगलेला प्लाय उपसून टाकलाय त्याला नाही वाटत.

चासी आणि चाकं

ट्रेलर वर उचलताना एक चूक जीवावर बेतू शकते. आपल्याकडे चिरे सगळीकडे पडलेले असतात म्हणून लोक जॅकखाली आणि चासीखाली जांभ्याचे चिरे रचतात, पण वजन एका कडेवर आलं की चिरा फुटतो, आधी काही कळत नाही. लोखंडी घोड्या, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचे स्टँड, भाड्याने आणा, खाली जाड लाकडी फळ्या टाका, जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावा आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली कधीही शिरू नका.

गंज काढायला तारेचा ब्रश, ग्राइंडरला तारेची वाटी, आणि खाऱ्या हवेत उभा असलेला ट्रेलर असेल तर आधी गोड्या पाण्याने दोनदा स्वच्छ धुवून वाळवा, मीठ आत राहिलं तर त्यावरचा रंग वर्षभरात फोड धरतो. सैल गंज निघाला की गंजरोधक द्रावण, मग झिंकचा इपॉक्सी प्रायमर, वर दोन हात इनॅमल. साधा रेड ऑक्साइड स्वस्त पडतो पण समुद्राच्या जवळ तो लवकर हार मानतो, इथे पैसे वाचवू नका. आणि ज्या दिवशी गंज काढाल त्याच दिवशी प्रायमर मारा, आमच्याकडे रात्रीच्या दहिवराने सकाळी लोखंड परत लालसर झालेलं असतं.

चाकाचं बेअरिंग उघडून, रॉकेलने धुवून, नवीन ग्रीस भरून बसवायचं, कुठलाही टेम्पो मेकॅनिक तासा-दोन तासांत करून देतो. टायरची नक्षी बघून फसू नका, वर्षानुवर्षं एका जागी उभ्या ट्रेलरचे टायर नवे दिसतात पण रबर मेलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वरचा टायर रस्त्यावर वापरू नका. बागेत उभा करायचा असेल तर जुन्यावर भागतं.

छप्पर

आता मुख्य विषय. ट्रेलर गळतो तो पत्र्याच्या मधून क्वचित गळतो, तो गळतो जिथे दोन पत्रे भेटतात, जिथे खिडकीची चौकट बसते, जिथे कोपऱ्यावरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळलेली असते. त्या पट्टीखाली कारखान्यातून लांबीसारखा मऊ मसाला भरलेला असतो, तो वीस-तीस वर्षांत वाळून बिस्किटासारखा तडकतो आणि पाणी स्क्रूच्या भोकातून थेट लाकडात उतरतं. वरून सिलिकॉनचा थर दिला तर आतला वाळलेला मसाला तसाच राहतो, पाणी दुसरीकडून वाट काढतं, आणि सिलिकॉन एकदा लागलं की त्यावर दुसरं काहीच धड चिकटत नाही. मला ते ब्लेडने आणि स्पिरिटने खरवडून काढायला चार दिवस लागले.

बरोबर पद्धत कष्टाची आहे पण महाग अजिबात नाही. पट्टी पूर्ण काढा. एकेक स्क्रू सोडवत जा, गंजून अडकला असेल तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. पट्टीच्या मागचा नि पत्र्यावरचा जुना मसाला लाकडी पट्टीने खरवडा, लोखंडी पात्याने पत्र्यावर ओरखडे पडतात. मग स्पिरिटने पुसून ब्यूटिल टेप लावायची. ही टेप राखाडी किंवा काळी असते, हाताला च्युइंगमसारखी लागते, कधी पूर्ण वाळत नाही आणि हाच तिचा गुण, पत्रा उन्हात ताणला रात्री आखडला तरी ती सोबत हलते. सकाळी दहानंतर ऊन चढल्यावर लावा, मऊ असते, नीट बसते. पट्टी परत आवळताना स्क्रू एका टोकाकडून दुसऱ्याकडे थोडा थोडा पिळत न्या, टेप दोन्ही कडांनी बाहेर आली पाहिजे, सगळीकडे सारखी. दुसऱ्या दिवशी उन्हात परत एकदा आवळा, नक्की अर्धा फेरा आणखी जातो. मग बाहेर आलेली टेप कापा आणि कडेने पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटची बारीक रेघ. एवढंच.

स्क्रूबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सगळ्यांचं इथेच चुकतं. साधा लोखंडी स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये खाऱ्या हवेत ठेवला की दोन धातूंमध्ये बारीकसा विजेचा प्रवाह चालू होतो, स्क्रूभोवती पांढरी पूड दिसायला लागते आणि भोक मोठं होत जातं. पितळी तर आणखी वाईट. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार मिळतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मिठाला जास्त टिकतं, होडीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. स्टेनलेसलासुद्धा बसवताना टेपमधूनच जाऊ द्या किंवा सीलंटमध्ये बुडवा, म्हणजे धातूला धातू थेट लागत नाही.

पत्र्याला बारीक भोकं असतील तर अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, खाली सीलंट, कडेने बंद तोंडाचे रिव्हेट. बसच्या बॉडीचं काम करणारा पत्रेवाला शोधा, तो हे रोज करतो, कारवाल्या डेंटरकडे जाऊ नका. छप्पर झालं की नळीने पाणी मारून बघा, पण खालून सुरुवात करा, दहा मिनिटं खालच्या भागावर, मग खिडक्यांवर, मग छपरावर, आत एक माणूस टॉर्च घेऊन बसलेला. वरून सुरुवात केली तर सगळं एकदम ओलं होतं आणि पाणी नक्की कुठून आलं ते कळत नाही. शेवटी वर पांढरा उष्णता परतवणारा रंग, मे महिन्यात आतला फरक लगेच कळतो.

लाकूड आणि जमीन

सांगाडा पूर्ण पाडू नका. कुजलेली पट्टी काढायची, तिचाच साचा धरून नवी कापायची, बसवायची, मग दुसरी. एकदम सगळं काढलं तर पत्रा वाकतो नि मूळ आकार परत मिळत नाही. लाकडासाठी मी नवीन सागवान घेतलंच नाही, पाडलेल्या जुन्या घराचे वासे आणि दाराच्या फळ्या घेतल्या, चाळीस-पन्नास वर्षं मुरलेलं लाकूड, त्यात आता वाकायला काही राहिलेलं नसतं. फणसाचं लाकूडही चांगलं. चिरण्याआधी सगळे खिळे उपसून काढा, नाहीतर गिरणीवाला पातं मोडल्याचे पैसे घेतो.

वाळवीसाठी तांबं असलेलं लाकडाचं औषध लावू नका, ते अ‍ॅल्युमिनियम खातं. बोरॅक्स आणि बोरिक पावडर कोमट पाण्यात विरघळवून दोन-तीन हात द्या, वाळवा, मग वरून रंग, कारण उघडं राहिलं तर ते पावसात धुवून जातं. जमिनीच्या खालच्या बाजूला मी काजूच्या टरफलांचं तेल लावलं, काजूच्या कारखान्यात मिळतं, होड्यांना पूर्वीपासून लावतात. वाळवी फिरकत नाही, पण कच्चं तेल कातडी भाजतं, काजू सोलणाऱ्या बायकांचे हात बघितलेत ना. जाड हातमोजे, लांब बाह्या, चष्मा, आणि फक्त बाहेरून खालीच.

प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा घ्या, त्याला मरीन म्हणतात. शिक्का असूनही माल खोटा निघतो, म्हणून दुकानदाराकडून एक कातरण मागून घ्या आणि घरी चार-पाच तास उकळत्या पाण्यात ठेवा. खरा मरीन प्लाय ७२ तास उकळण्याच्या चाचणीचा असतो, पाच तासांत थर सुटले तर ते दुकान सोडा. आणि कापलेल्या प्रत्येक कडेला, प्रत्येक भोकाला इपॉक्सी पाजा. प्लाय पाणी पितो तो कडेने.

मागच्या कोपऱ्यांना मेस्त्रींनी होडीला करतात तसं फायबर चढवून दिलं, मॅट आणि रेझिन. स्वतः करणार असाल तर रेझिन घट्ट व्हायला घालतात ते हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन एकमेकांत थेट कधीही ओतू नका, पेट घेतं. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळायचं, मग हार्डनर. आणि हे काम कोरड्या दिवशीच.

आतलं काम

इथे कमी तेवढं चांगलं. पाण्याची पाइपलाइन करू नका, तोटीचा २० लिटरचा कॅन पुरतो. गॅस आत ठेवू नका, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो आणि ट्रेलर म्हणजे बंद डबाच. आम्ही बाहेर मांडवात चूल नि छोटा सिलिंडर ठेवलाय.

बाकावर अखंड फळी नको, पट्ट्या मारा मधे बोटभर फट ठेवून, गादी खालून श्वास घेते. फोमला बुरशी येते, काथ्याची गादी घ्या.

वीज १२ व्होल्टची. दोन एलईडी आणि एक २५ वॉटचा पंखा रात्री आठ तास चालला तर साधारण २४० वॉट-तास लागतात. १०० अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीत १२०० असतात, त्यातले अर्धेच वापरायचे म्हणजे दोन रात्री आरामात जातात. वर १०० वॉटचं सोलर पॅनेल. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच, वायर घासून शॉर्ट झाली तर लाकूड पेटतं. पॅनेलसाठी छपराला भोकं पाडू नका, बाजूला खांबावर लावा.

जुन्या कड्या, खिडक्यांचे खटके, कपाटाच्या मुठी फेकू नका. चिंच आणि रांगोळी लावून घासल्या तर पितळ परत येतं, आणि तसल्या वस्तू आता बनत नाहीत. माझ्या दाराची कडी मूळची आहे, बंद करताना जो दमदार खट्‌ आवाज येतो त्यासाठी मी ती तीन वेळा दुरुस्त करून घेतली.

सगळं मिळून माझे ट्रेलर सोडून एक लाख तीस हजारांच्या आसपास गेले, त्यातले पहिल्या वर्षी वाया गेलेले बावीस. उरलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त चासी, छप्पर आणि जमिनीवर.

उभा कुठे करायचा

माडाखाली नको, नारळ पत्र्यातून आरपार जातो. कलमाच्या अगदी खाली पण नको, चीक रंग खातो आणि पाला पट्ट्यांमध्ये कुजतो. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, उभा करत असाल तर वाऱ्याचं बघा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या समोरून गेलं, बागेतली मोठी झाडं मुळासकट पडलेली मी बघितलीत, ट्रेलर तर हलका डबा. कातळात ड्रिल करून चार कोपऱ्यांना जाड आय-बोल्ट बसवा, साखळी चासीला बांधा, भिंतीला नाही. माती असेल तर चार खड्डे खणून काँक्रीट भरा. ट्रेलर दाराच्या उलट बाजूला किंचित कलता ठेवा, म्हणजे पाणी छपरावर थांबत नाही आणि उंबऱ्याकडे येत नाही.

मिरगाच्या आधी, साधारण मेच्या शेवटी, गाद्या घरी आणा, बॅटरी काढा, ड्रॉवर नि कपाटांची दारं उघडी ठेवा. खालची हवेची भोकं बंद करू नका, त्यांना बारीक जाळी मारा म्हणजे उंदीर आणि त्यांच्यामागून येणारी घोणस आत येत नाही. सगळ्या पट्ट्यांवरून एकदा बोट फिरवा, टेप कुठे सुटलेली वाटली तर तिथेच थांबून ती पट्टी काढा आणि परत बसवा, पाऊस सुरू झाल्यावर ते जमत नाही.